न दिलेली बेल

होडगेदादांचा हात गियरवरून सुटेना, तेव्हा आमची गाडी आंबोली घाटातल्या एका आडव्या वळणाच्या तोंडाशी होती.

मी बॉनेटजवळ उभी होते. घाटात मी नेहमी तिथंच उभी राहायचे. दादांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात गियर टाकला आणि डावा हात तिथंच राहिला. स्टेअरिंगवर एकटा उजवा. जुनी गाडी, जड स्टेअरिंग, सगळ्या सीटा भरलेल्या. ते वळण एका हातानं घेण्यासारखं नव्हतं. दादा रस्त्याकडंच बघत होते, पण त्यांच्या डाव्या दंडाला हिसके बसत होते. हात ओढून घ्यायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि मूठ काही उघडत नव्हती. समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक वर येत होता.

"दादा!" मी ओरडले.

त्यांनी सगळं वजन ब्रेकवर टाकलं. गाडी फरफटत जाऊन थांबली. पुढचं डावं चाक कठड्याला घासलं होतं आणि कठड्याच्या पलीकडं नुसतं धुकं होतं. ट्रकवाला शिव्या देत वर निघून गेला. मग दादांची बोटं हळूहळू, एकेक करून, उघडली.

"काय झालं ओ?" मागून कुणीतरी विचारलं.

"माकड आडवं आलं," दादा म्हणाले.

"हो, माकडच होतं," मी म्हणाले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं होऊन गेली. त्या डिसेंबरात मी एकतीस वर्षांची होते. आजऱ्याहून सुटणाऱ्या सव्वासहाच्या सावंतवाडी गाडीवर मी कंडक्टर आणि दिगंबर होडगे ड्रायव्हर, अशी आमची जोडी चार वर्षं चालू होती. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. मी बाई असले तरी दादा मला मास्तरच म्हणायचे. त्यांचं वय चव्वेचाळीस. कपाळावरचे केस लवकर गेलेले, चेहरा उभट आणि दंड बारीक, पोट मात्र थोडं सुटलेलं. डोळ्यांवर कायम झापड असल्यासारखी. आगारातली माणसं त्यांना झोपाळू म्हणायची. पण पंधरा वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता, हेही तीच माणसं सांगायची.

सावंतवाडीला उतरल्यावर कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. दादांनी दोन्ही हातांनी चहाचा ग्लास धरला होता.

"किती दिवसांपासून होतंय हे?" मी विचारलं.

"काय?"

"दादा, मी तिथंच उभी होते."

त्यांनी ग्लासातल्या चहाकडं बघितलं. मग म्हणाले, "थंडीतच होतं. आंबोलीला चहाला उतरलो, हात गारठला. चार-पाच येळा मूठ उघडझाप केली की मोकळा होतो. आज तेवढं ऱ्हायलं."

सकाळी गाडी सुरू करण्याआधी दादा स्टेअरिंगसमोर बसून मुठी आवळायचे आणि सोडायचे, हे मी रोज बघत होते. लोकांना वाटायचं, व्यायाम करतायत. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

"कधीपासून?"

"बावीस-तेवीस वयापासनं असंल. आईचंबी तसंच व्हायचं. कळशी धरली की हातातनं सुटायची न्हाई. हसायचो आम्ही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मास्तर, एक सांगतो. आगारात बोलू नका. आमची पोरगी सोनल बारावीला हाय. एवढं वरीस जाऊंद्या."

मी काही बोलले नाही. त्यांनी तो होकार समजला.

दादांच्या मागं आणखी एक कटकट होती, साखरेची. तीन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत साखर निघाली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. दर तीन महिन्यांनी दादा रक्त द्यायचे, दर वेळी साखर वाढलेली निघायची, दर वेळी गोळी वाढायची आणि दर वेळी बोलणी बसायची. "होडगे, रक्त खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं डॉक्टर एकदा सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले होते. घरी शेवंतावहिनीही संशय घेऊ लागल्या होत्या. स्टँडवर पेढे, जिलेबी, काय मिळत नाही? ड्युटीवरचा माणूस काय खातो, कुणी बघितलंय?

मी बघितलं होतं. चार वर्षं रोज दुपारी आमचे डबे एका बाकावर उघडत होते. त्यांच्या डब्यात नाचणीची दीड भाकरी, पालेभाजी, मुठीएवढी उसळ आणि कांदा. चहा बिनसाखरेचा. गाडीत कुणी बारशाचे, पोरगं पास झाल्याचे पेढे वाटले, तर दादा आपला पेढा कागदात बांधून माझ्या मुलीसाठी द्यायचे. जेवण झालं की मागच्या सीटवर आडवे व्हायचे आणि क्षणात झोपी जायचे. ही झोप मलाही खटकायची. सरळ रस्त्यावर त्यांचे डोळे जड व्हायला लागले की मी पुढं जाऊन काहीबाही विचारत राहायचे. घाटात तर बॉनेटजवळून हलायचेच नाही. वर्षभर हे असंच चाललं होतं. आम्ही दोघंही त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फलाटाला लागली. कडाक्याची थंडी होती. मी तिकिटं फाडली, मागचं दार लावलं. दादांनी इंजिन सुरू केलं आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं दोन टोले दिल्याशिवाय एस.टी. हलत नाही. दोरी माझ्या हातात होती.

मी बेल दिली नाही.

दादांनी मान वळवली. "मास्तर?"

मी पुढं गेले, हळू आवाजात म्हणाले, "दादा, खाली उतरा. आपण कंट्रोलरसाहेबांना सांगू, तब्येत बरी नाही. दुसरा ड्रायव्हर मागू."

"मी ठणठणीत हाय. बेल द्या."

"नाही देणार."

"काल शब्द दिलासा की."

"दिला नव्हता. मी गप्प बसले होते."

गाडीत कुजबुज सुरू झाली. बांद्याला लग्नाला निघालेली मंडळी होती, त्यांतला एकजण घड्याळ दाखवायला लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कंट्रोलर घेवडे मफलर सावरत आले. "काय चाललंय? गाडी का सुटत नाही?"

"ड्रायव्हर बदलून द्या, साहेब," मी म्हणाले.

"काय झालं होडगेला?"

"मला काय धाड भरलीया?" दादा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

घेवडे आम्हा दोघांना केबिनमध्ये घेऊन गेले. दार लावल्यावर मी हात पुढं केला. "दादा, माझा हात धरा. घट्ट धरा आणि साहेबांनी सोड म्हटलं की सोडा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. नाही म्हणाले असते, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण त्यांनी हात धरला. बर्फासारखा गार हात.

"सोड," घेवडे म्हणाले.

हात सुटला नाही. दादांनी ओठ आवळले, खांदा मागं ओढला. माझी बोटं दुखायला लागली. घेवड्यांच्या चेहऱ्यावरची घाई गेली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता. कितीतरी वेळानं ती मूठ सैल झाली.

मी लेखी दिलं. कालची घटना लिहिली, माकड खोटं होतं हेही लिहिलं. 'सदर ड्रायव्हरची दिवसा झोप व हाताची अडचण मी वर्षभर पाहत होते,' हे वाक्य लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं. त्याबद्दल मला पुढं मेमो आला, तो मी तक्रार न करता घेतला.

दादा दारात थांबले. "मास्तर, माझं स्टेअरिंग काढून घेतलंसा तुम्ही," एवढंच म्हणाले आणि स्टँडच्या मागच्या वाटेनं चालत घरी गेले. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. दुसऱ्या ड्रायव्हरला मी दोन टोले दिले. आपण चुकलो असं मला एकदाही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पुढचे बारा दिवस दादा माझ्याशी बोलले नाहीत. आगारात दोन तट पडले. काही म्हणाले, बाईनं बरं केलं. बाकीचे मी आले की विषय बदलायचे. तेराव्या दिवशी शेवंतावहिनी माझ्या दारात उभ्या.

"सोमवारी कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरकडं बोलावलंय. तुम्ही चला."

"दादांना चालेल?"

"चालायचं न्हाई. तरी चला. त्ये काय तोंड उघडत न्हाईत. डॉक्टरांनी काय इचारलं की नुसती मान हलवत्यात. तुम्ही रोज बघितलंय त्यांस्नी, माझ्यापरास जास्त."

डॉक्टर मृणाल हेरेकर मज्जातंतू आणि स्नायूंच्या तज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी दादांच्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर रबरी हातोडी हलकेच मारली. अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग डोळे घट्ट मिटून उघडायला लावले. बॅटरीनं डोळ्यांत बघितलं. "मोतीबिंदू धरायला लागलाय. या वयात?" असं स्वतःशीच म्हणाल्या.

"घरात आणखी कुणाला असं काही?"

"कुणाला न्हाई," दादा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

डॉक्टरांनी जुने कागद चाळले. "साखर तीन वर्षं आटोक्यात नाही. पथ्य पाळता?"

दादांनी मान हलवली. वहिनी म्हणाल्या, "तिकडचे डॉक्टर म्हणत्यात, चोरून गोड खात्यात."

दादांची मान आणखी खाली गेली.

"नाही खात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण कोण?"

"यांच्या गाडीची कंडक्टर. चार वर्षं आम्ही दुपारचं एकत्र जेवतो. दीड भाकरी, पालेभाजी, थोडी उसळ. प्रवाशांनी दिलेला पेढासुद्धा हे माझ्या मुलीला देतात. बिनसाखरेचा चहा पितात. ते खोटं बोलत असतील तर मीही बोलतेय, असं लिहून घ्या."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं. "उपाशीपोटी रक्तातली साखर तर बघूच. सोबत इन्शुलिन किती आहे, तेही बघू. ते आजवर कुणी बघितलेलं दिसत नाही. हृदयाची पट्टी काढा, ईसीजी. स्नायूंत सुई घालून एक तपासणी करू. आणि एक रक्त बाहेर पाठवावं लागेल, त्याचा रिपोर्ट यायला महिना लागेल. गुरुवारी या."

सुईच्या तपासणीच्या वेळी दारातून मला आवाज ऐकू आला. दादांचा स्नायू यंत्राला जोडला होता आणि यंत्रातून विमान झेपावत खाली यावं तसा सूर निघत होता, चढायचा, उतरायचा. दादा छताकडं बघत पडून होते.

गुरुवारी डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवले.

"आजाराचं नाव मायोटोनिक डिस्ट्रॉफी. बाहेरचं रक्त पक्कं सांगेल, पण मला शंका नाही. आईवडिलांपैकी कुणाकडून तरी येतो. स्नायू आवळला की लवकर सुटत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू कमजोर होत जातो. दिवसाची झोप त्यातलीच, डोळ्यांचा मोतीबिंदू त्यातलाच." त्या थांबल्या. "आणि साखरही त्यातलीच."

"म्हंजे?" वहिनींनी विचारलं.

"आपल्या शरीरात साखर सगळ्यांत जास्त वापरतात ते स्नायू. इन्शुलिन त्यांना निरोप देतं, की रक्तातली साखर आत घ्या. यांच्या स्नायूंत तो निरोप घेणारी यंत्रणाच कच्ची बनली आहे. निरोप पोहोचत नाही म्हणून शरीर आणखी इन्शुलिन सोडतं, आणखी सोडतं. यांच्या रक्तात ते नेहमीच्या चौपट निघालंय. आणि साखर बाहेरच्या बाहेर."

दादांनी बऱ्याच वेळानं तोंड उघडलं. "म्हंजे मास्तर बेल देत्यात आन् ड्रायव्हरला ऐकूच येत न्हाई."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही पथ्य पाळलंत म्हणून एवढ्यावर राहिलंय. पाळलं नसतं तर कधीच अंथरूण धरलं असतं. गोळ्या मी बदलून देते. रोज चाला. चालणाऱ्या स्नायूला साखर थोडी तरी आत घेता येते. दमेपर्यंत नको, पण रोज."

वहिनी पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या. "मी तुमचे खिसे तपासले हो," त्या एकदम म्हणाल्या. "शर्ट धुवायला काढताना. रोज."

"ठावं हाय मला," दादा म्हणाले.

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलणार? डॉक्टर म्हणत हुता, तू म्हणत हुतीस. मलाच वाटाय लागलं, झोपंत उठून खातोय का काय मी."

हे ऐकून मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आता मी पुन्हा विचारते. घरात आणखी कुणाला?"

या वेळी दादांनी टाळलं नाही. "आई," ते म्हणाले. "हात सुटायचा न्हाई तिचा. पंचेचाळिसाव्या वर्षी पोटाचं बारकं ऑपरेशन हुतं. चालत गेली दवाखान्यात. भूल दिल्यावर जबडा आवळला म्हणत्यात, पुन्यांदा श्वासच घेतला न्हाई. नशीब म्हणून गप बसलो आम्ही. आन् माझी अक्का. गोदाक्का. गडहिंग्लजला असत्या. तिचे मोतीबिंदू अडतिसाव्या वर्षी काढले. बसल्या जागी डुलक्या खात्या." ते थांबले. त्यांचा चेहरा फारसा हलायचा नाही, पण त्या वेळी तो पांढरा पडला. "उद्या सकाळी तिचं ऑपरेशन हाय. पित्ताच्या खड्यांचं."

डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. "फोन लावा."

अक्काच्या घरी फोन नव्हता. दाजींचा मोबाईल बंद लागत होता. दवाखान्याचं नाव दादांना धड माहीत नव्हतं, फक्त जागा माहीत होती. डॉक्टरांनी उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली, खाली स्वतःचा नंबर टाकला. "भूल देणाऱ्या डॉक्टरच्याच हातात द्या. काही औषधं यांना चालत नाहीत. हृदयाची पट्टी बघितल्याशिवाय तर टेबलावर घ्यायचंच नाही."

दुपारी तीनच्या गडहिंग्लज गाडीत आम्ही तिघं बसलो. एरवी गाडीत बसल्या बसल्या झोपणारे दादा दोन तास खिडकीबाहेर बघत ताठ बसून होते. निपाणीच्या अलीकडं त्यांनी एकदाच विचारलं, "मास्तर, चिठ्ठी हाय न्हवं?" मी पर्स उघडून दाखवली.

दवाखान्यात गोदाक्का कॉटवर बसल्या होत्या. तोच उभट चेहरा, त्याच जड पापण्या. शेजारी दाजी आणि गावाकडून आलेले चार पाहुणे. दादांनी सांगायला सुरुवात केली आणि दाजी भडकले.

"सगळं ठरल्यावर आता कुठनं काढलंस हे? कालच्याला पोटात दुखून गडाबडा लोळत हुती ती. तुझा हात आकडला म्हणून हिचं ऑपरेशन थांबवायचं?"

तेवढ्यात सर्जन फेरीवर आले, त्यांच्याबरोबर भूल देणारी एक तरुण डॉक्टर होती. सर्जननी चिठ्ठी वाचली. "यांच्याबाबत ठीक आहे. पण बहिणीला हाच आजार आहे कशावरून? आम्हाला तर तसं काही दिसलं नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. दादांनी हातानं मला थांबवलं आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडं गेले. नळ सोडून दोन्ही हात गार पाण्याखाली धरून उभे राहिले. एवढी माणसं ताटकळत होती, त्यांनी घाई केली नाही. मग अक्काला म्हणाले, "ये, तूबी हात धू हितं."

"कशाला रं?"

"धू म्हणतोय न्हवं."

हात धुऊन अक्का कॉटवर येऊन बसल्या. दादांनी हात पुढं केला. "धर. घट्ट."

"काय रं, भाऊबीज हाय व्हय आज?" अक्का हसल्या आणि त्यांनी भावाचा हात धरला.

"आता सोड."

अक्कांचा हात सुटला नाही. दादांचाही सुटला नाही. दोघंही ओढत होती, दोघांच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि दोन मुठी एकमेकींत अडकून राहिल्या होत्या. दाजी पुढं सरसावले आणि बायकोची बोटं उघडून बघू लागले, ती त्यांनाही उघडेनात.

"बघा डॉक्टर," दादा शांतपणे म्हणाले. "आईला हेच हुतं. ती टेबलावर गेली. मला हेच हाय, म्हणून माझी गाडी सुटली. हिचा जीव जाऊ देणार न्हाई मी."

भूल देणारी डॉक्टर खाली वाकली. अक्कांच्या अंगठ्याखाली तिनं बोटानं टिचकी मारली आणि वळलेला अंगठा उघडेपर्यंत बघत राहिली. मग उठली.

"सर, उद्याचं रद्द करा. यांना कोल्हापूरला पाठवू."

सर्जननी एकदा तिच्याकडं, एकदा चिठ्ठीकडं बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बरं झालं आलात."

पुढचं थोडक्यात सांगते. कोल्हापुरात अक्कांच्या हृदयाची पट्टी काढली, तेव्हा ठोक्यांचा निरोप मधेमधे तुटतोय असं निघालं. आधी पेसमेकर बसवावा लागला. मग फेब्रुवारीत, डॉक्टर हेरेकरांच्या देखरेखीखाली, नेहमीची ती औषधं टाळून खड्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर अक्का चौदा वर्षं जगल्या. दादांना आगारानं स्टोअरमध्ये काम दिलं. नव्या गोळ्यांनी आणि चालण्यानं साखर खाली आली, ती पुढं बऱ्यापैकी आटोक्यात राहिली. गावातल्या डॉक्टरांकडं दादा स्वतः रिपोर्ट घेऊन गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, उठून उभे राहिले आणि भरल्या दवाखान्यात दादांची माफी मागितली. हे मला दादांनी नाही, तिथं बसलेल्या पेशंटांनी सांगितलं. सोनलनं अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःहून रक्त तपासून घेतलं. तिलाही आजार आहे. ती आज जिल्हा परिषदेत नोकरी करते, रोज तासभर चालते, दरवर्षी हृदय तपासते, आणि साखर आजवर तिच्या वाटेला आलेली नाही.

मला सांगायचं आहे ते त्या फेब्रुवारीतल्या दुपारचं. ऑपरेशन आटोपून अक्कांना आतल्या खोलीत आणलं होतं, शेवंतावहिनी त्यांच्यापाशी होत्या आणि मी रजा टाकून कोल्हापूरला गेले होते. बाहेरच्या बाकावर दादा आणि मी बसलो होतो.

"मास्तर," दादा म्हणाले, "एक इचारू? राग न्हाई, खरंच इचारतोय. तुम्ही वरीसभर बघत हुता. मग वरीसभर आधी का न्हाई अडवलंसा?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारणार, हे मला माहीत होतं. मेमोमध्ये विचारला होता, तिथं मी 'गैरसमजुतीमुळे' असं लिहून दिलं होतं. दादांना तसं सांगता येणार नव्हतं.

"मी नवीन लागले होते तेव्हाचं आठवतं?" मी म्हणाले. "घाटाच्या गाडीवर बाईमाणूस नको, म्हणून दोन ड्रायव्हरांनी ड्युटी बदलून घेतली. तिसरे तुम्ही. तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, बॅग घ्या मास्तर, गाडी लागली. तुम्हाला अडवलं, तर पुन्हा कुणी मला असं म्हणेल का, याची भीती होती. तुमची काळजी नव्हती मला, दादा. माझीच होती."

दादा समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. त्यांना हसू आलं की ते चेहऱ्यावर फारसं दिसायचं नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यांत दिसायचं.

"आता कोण हाय संगट?"

"डोंगळे म्हणून नवा पोरगा आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं त्याला. म्हटलं, मला काही खटकलं तर मी बेल देणार नाही, आणि का नाही ते सगळ्यांसमोर सांगेन."

"काय म्हणाला?"

"घाबरला."

"घाबरूंदे," दादा म्हणाले. "चांगला ड्रायव्हर हुईल."

तेवढ्यात दार उघडलं आणि शेवंतावहिनी बाहेर आल्या. चेहरा फुललेला. "अक्का शुद्धीवर आल्या. डॉक्टर म्हणत्यात, सगळं बेस हाय."

"काय बोलली का?"

"बोलल्या की. डोळे उघडले आन् पहिलं इचारलं, दिग्या जेवला का?"

दादा उठले, शर्ट नीट केला.

"जेवलो म्हणून मीच सांगतो," ते म्हणाले आणि आत गेले.